मास्तर घाबरत नाहीत

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी "तुमचा स्वभाव जरा तापट दिसतो" असं म्हणायला नको. दूध उतू गेलं तर मी दुधाशी भांडते. आणि माझं लग्न झालं ते अशा माणसाशी, की भांडायला गेलं तर तो खुर्ची पुढे सरकवतो आणि म्हणतो, "आधी बस. बसून भांड."

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. शाळा म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. तिच्यात एक टेबल, चार खुर्च्या, रस्त्यावरच्या खुणांचा एक तक्ता. दाराबाहेर एक पांढरी गाडी, तिच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी. टेबलापाशी मी बसते. कोण किती वाजता येणार, कोणाचे किती धडे झाले, कोणाची परीक्षा कधी, सगळं माझ्या वहीत. गाडीत काय चालतं ते त्यांचं. सव्वीस वर्षं अशी वाटणी आहे आणि ती बरी आहे. मी गाडीत बसत असते तर एक माणूस शिकून बाहेर पडला नसता.

नाही म्हणायला लग्नानंतर मीही शिकायला बसले होते. दोन दिवस. पहिल्या दिवशी मी गाडी बंद पाडली अकरा वेळा, आणि अकराही वेळा हे म्हणाले, "छान. परत सुरू करा." मला 'करा'! बायकोला! दुसऱ्या दिवशी मी कुंपणाला घासली, तरी तेच. मग मात्र मी गाडी रस्त्यात सोडून घरी चालत आले. माणसाने चुकल्यावर ओरडून तरी घ्यावं की नाही? नुसतं छान छान काय! त्यानंतर मी त्या गाडीत पाऊल ठेवलं नाही ते नाहीच.

एकदा एका शिंप्याने गाडी सरळ भाजीच्या हातगाडीवर घातली. कोणाला लागलं नाही, पण टोमॅटो काचेपर्यंत उडाले. शिंप्याची बोबडी वळली. भाजीवाला दोन्ही हात वर करून धावत आला. आणि आमचे हे शेजारच्या सीटवर बसून सांगताहेत, "छान. आता इंजिन बंद करा. आता खाली उतरून माफी मागा. आता टोमॅटो विकत घ्या." शिंप्याकडे तेवढे पैसे नव्हते, म्हणून टोमॅटो घेतले ह्यांनी. चार दिवस आम्ही दुसरं काही खाल्लं नाही.

शिकवायची त्यांची एक रीत आहे. गाडी चालवताना शिकणाऱ्याने सारखं मोठ्याने बोलत राहायचं, पण बोलायचं ते फक्त दिसतंय तेवढं. "समोर सायकल. कडेला आजोबा. दिवा पिवळा." बस्स. आजोबा मधे आले तर, सायकलवाला पडला तर, असलं काही तोंडातून काढायचं नाही. प्रत्येक वाक्याला हे शेजारून म्हणणार, "छान. पुढे?" त्यांचं म्हणणं असं, की माणूस रस्त्याला घाबरत नाही, रस्त्यावर अजून आलेलंच नाही त्याला घाबरतो. ऐकायला बरं वाटतं. संसार करून बघा अशा माणसाबरोबर.

पैशाच्या बाबतीत त्यांची हीच तऱ्हा. आमच्या धंद्यात चार महिने दम खायला फुरसत नसते आणि दोन महिने माश्या मारायच्या. त्या दोन महिन्यांत माझा जीव टांगणीला. घरमालकाने एकदा भाडं वाढवलं तर मी चिठ्ठी हातात घेऊन अख्खी खोली डोक्यावर घेतली. ह्यांनी काय विचारावं? "वाढलंय. बरं. किती वाढलंय?" मी आकडा सांगितला. "कधीपासून?" तारीख सांगितली. "अजून काही लिहिलंय त्यात?" नाही. "मग एवढंच आहे तर," असं म्हणून चहा मागितला. कधीकधी मला वाटायचं, देवाने ह्यांच्या छातीत काळजाच्या जागी नदीतला गोटा बसवलाय की काय.

आणि मग आमची गाडी बसली.

झालं कसं ते ऐका, कारण असं फक्त आमच्याच शाळेत होऊ शकतं. त्या दिवशी शिकायला होते ग्रंथालयात काम करणारे एक गृहस्थ. गरीब माणूस, आवाज पुस्तकाचं पान उलटावं तेवढाच. म्हणजे गाडीत एक शांत आणि शेजारी दुसरा शांत. गृहस्थ अगदी आज्ञाधारक. दिसतंय ते सगळं बोलत होते. "समोर रिक्षा. बाजूला दुकान. सुई लाल रेघेवर." हे म्हणाले, "छान. पुढे?" थोड्या वेळाने परत, "शाळेची मुलं. दिवा हिरवा. सुई लाल रेघेवर." "छान. पुढे?" तिसऱ्यांदाही तेच. ह्यांचं लक्ष रस्त्यावर, कान आपले सवयीने ऐकताहेत. मग गृहस्थ म्हणाले, "बॉनेटमधून धूर."

"छान. पु..." इथे ह्यांचं तोंड उघडंच राहिलं, असं गृहस्थांनी मला पुढच्या खोलीत बसून सांगितलं. घाम पुसत सारखे म्हणत होते, "मी तीनदा सांगितलं हो, वहिनी. तीनदा."

इंजिन तापल्याची सुई होती ती. पाण्याची नळी फुटली होती आणि गाडी तशीच पाऊण तास चालली. गॅरेजवाला आमचा जुना ओळखीचा. त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि मान हलवली. "वहिनी, इंजिन बसलं. उतरवून सगळं नवं भरावं लागेल. मजुरीचं मागाहून बघू, पण सामानाचेच सत्तर हजार जातील. ते आधी लागतील." आमच्याकडे होते पस्तीस. तेही पोटाला चिमटा काढून जमवलेले.

बरं, हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी निम्मंच ओरडले असते. पण चौघांची लायसन्सची परीक्षा महिनाअखेरीला ठरलेली. गाडी नाही तर परीक्षा कशात द्यायची? चौघांचे उरलेले पैसे परीक्षेनंतर यायचे, तेही गेले. आणि दुसऱ्याच दिवशी चौकातल्या मोठ्या शाळेचा मालक आमच्या दारात हजर. दहा गाड्या आहेत त्याच्याकडे. हा एके काळी ह्यांच्याकडेच शिकलेला. क्लच कुठल्या पायाने दाबायचा हे ह्यांनी सांगितलेलं त्याला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मास्तर, ह्या वयात कशाला ही दगदग? माझ्याकडे या. एक तारखेला पगार हातात. शर्ट आमचा घालावा लागेल, आमचं नाव छापलेला. शाळा बंद करून टाका. महिनाअखेरपर्यंत सांगा, मग मी दुसरा माणूस घेणार."

मला वाटलं, आता तरी ह्यांचा पारा चढेल. सत्तावन्न वर्षांचा माणूस, सव्वीस वर्षांची स्वतःची शाळा. हे उठले, त्याला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "विचारलंत, बरं वाटलं. महिनाअखेरीला सांगतो."

त्याची पाठ वळली तशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, निदान चेहरा तरी पाडा! समोरच्याला कळू दे, आपल्याला काही वाटतं!"

ह्यांनी खुर्ची सरकवली. "बस. काय काय दिसतंय ते बोल."

"दिसतंय ते? एक दगड दिसतोय मला! खुर्चीत बसलाय!"

"ते राहू दे. गाडी गॅरेजात आहे. पस्तीस आहेत, सत्तर हवेत. महिनाअखेरीला अठ्ठावीस दिवस आहेत. अजून काय?"

अजून काय! मी बोलले मग, आणि जे बोलले ते मला आजही टोचतं. मी म्हणाले, "तुम्हाला भीती वाटत नाही ना, ती तुम्ही धीराचे आहात म्हणून नाही. तुम्हाला कोणाचं काही पडलेलंच नाही. शाळा गेली काय, मी रस्त्यावर आले काय, तुम्ही आपलं म्हणणार, छान, पुढे!"

ते उठले. फडकं घेतलं आणि भिंतीवरचा खुणांचा तक्ता पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

त्या दुपारी ते गॅरेजात गेले आणि मी वही उघडली. शिकायला नंबर लावून बसलेली नऊ माणसं होती. मी एकेकाला फोन लावला. "आमच्याकडे खास सवलत आहे, फक्त आजच्या दिवस. पूर्ण शिकवणी निम्म्या पैशांत, पण पैसे आजच भरायचे. सोमवारपासून धडे सुरू." माझा आवाज असा गोड झाला होता की मलाच ओळखू येईना. निम्म्यात म्हटल्यावर कोण सोडतो? दिवेलागणीच्या आत नऊच्या नऊ येऊन पैसे टेबलावर ठेवून गेले. छत्तीस हजार! पस्तीस आणि छत्तीस, एकाहत्तर. सत्तर सामानाला, वर हजार चहाला. मला आकाश ठेंगणं झालं. म्हटलं, बघा, दगडाशी लग्न करून संसार चालत नाही, हात-पाय हलवावे लागतात.

मग त्या नऊ जणांना वेळा लिहून द्यायला मी वहीत सोमवारचं पान काढलं. सोमवारी नऊ माणसं येणार. कशात शिकणार? टेबलावर बसून? आणि गाडी आलीच, तर पुढचे तीन महिने हे उन्हातान्हात निम्म्या पैशांत राबणार, म्हणजे पेट्रोलसुद्धा सुटणार नाही. सव्वीस वर्षं मी त्या वहीत एका वेळी एकच माणूस लिहिला होता. कधी चूक नाही. आणि आज नसलेली गाडी नऊ जणांना विकून बसले होते.

लपवायचं मला जमत नाही. चिडक्या माणसाला ते येतच नाही मुळी. हे आले, हातपाय धुतले, तशी मी वही त्यांच्यापुढे आपटली आणि म्हणाले, "वाचा. आणि काय बोलायचं ते बोला एकदाचं."

त्यांनी बोट फिरवत सगळं वाचलं. मग म्हणाले, "नऊ जण. निम्मे पैसे. सोमवार. गाडी नाही."

"छान!" मी म्हणाले. "पुढे?"

एवढ्या रागात म्हणाले मी, पण त्यांना हसू फुटलं. आणि ते हसले तशी मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग फोन जवळ ओढला.

नऊ फोन केले त्यांनी, एकामागून एक, प्रत्येकाला तेच आणि त्याच आवाजात. "नमस्कार, मी गाडीच्या शाळेचा मास्तर. आज तुम्ही पैसे भरलेत. आमची गाडी बिघडली आहे. तीन आठवडे लागतील, महिनाही लागेल, कदाचित येणारही नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं, ते आमचं चुकलं. पैसे इथे ठेवलेत. हवे असतील तर परत घेऊन जा." मी मागे उभी राहून हातवारे करत होते. 'कदाचित येणारही नाही' काय, असं कोणी सांगतं का! त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि 'आमचं' म्हणाले, 'बायकोचं' म्हणाले नाहीत, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं.

सात जणांनी पैसे परत नेले. एक म्हणाला, राहू द्या, मला घाई नाही. आणि नवव्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "तुम्ही उद्या सकाळी घरी आहात का?"

ह्या आमच्या सिस्टर. पस्तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत काढलेल्या, आता निवृत्त. आवाज असा, की मोठमोठे डॉक्टर सरळ उभे राहत असतील. जगात एकाच गोष्टीला घाबरायच्या, ती म्हणजे गाडी. निवृत्तीच्या पैशांतून छोटीशी गाडी घेतली होती आणि दोन वर्षं ती दारात झाकून ठेवलेली. मांजर दोनदा व्याली म्हणे तिच्याखाली.

सकाळी आल्या, खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, माझी गाडी महिनाभर घ्या. तुमच्या चौघांना तिच्यात शिकवा, परीक्षाही तिच्यातच होऊ दे. मी चौकशी केली आहे, माझ्या सहीचं पत्र दिलं की तिथे चालतं. भाडं नको. मला मात्र चालवायला शिकवा. चुचकारून, सांभाळून घेऊन नाही. नीट."

हे म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मला ओळखतही नाही."

"कदाचित गाडी येणारही नाही, असं म्हणालात ना काल? पस्तीस वर्षांत इतकं सरळ बोलणारा एकच डॉक्टर पाहिला मी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, सवलत मात्र तुम्ही फार गोड आवाजात सांगितलीत हो." मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

एक अडचण होती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा गोंधळला की मास्तरने तो दाबायचा. सिस्टरच्या गाडीत तो कुठून असणार? बसवायचा तर पुन्हा पैसे. ह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत बसून पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या बाजूला ब्रेक नाही. बाकी सगळं आहे."

पहिले काही दिवस त्यांनी सिस्टरना मोकळ्या मैदानात फिरवलं. मग म्हणाले, आज रस्त्यावर जाऊ. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, "वहिनी मागे बसल्या तर येईन. जवळ बाईमाणूस असलं की धीर येतो." मी! धीर! हे म्हणाले, "बसू दे, पण तोंडाला कुलूप." तर अशी मी सव्वीस वर्षांनी ह्यांच्या धड्याला बसले. खरं सांगते, मला सिस्टरची काळजी नव्हती, गाडीची होती. दुसऱ्याची गाडी. तिला ओरखडा आला तर तो भरून द्यायला आमच्याकडे काय होतं?

सुरुवातीला बरं चाललं होतं. सिस्टर ऑपरेशनला कात्री पुढे करावी तशा एकेक शब्द बोलत होत्या. "समोर बस. बसथांबा. दिवा हिरवा." "छान. पुढे?" मग पाण्याच्या टाकीमागचा उतार आला. खाली चौक, आणि चौकात आडवा निघालेला एक भलामोठा ट्रक. गाडी उताराला लागली आणि वेग घ्यायला लागली.

"उतार," सिस्टर म्हणाल्या. "खाली चौक. ट्रक."

"छान. पुढे?"

"ट्रक थांबलाय. मधेच थांबलाय."

"दिसला. पाय ब्रेकवर. हळूहळू दाबा. घाई नाही."

मी डोळे मिटणार होते. मिटले असते तर बरं झालं असतं की वाईट, कोण जाणे. पण मान खाली घातली आणि दोन सीटच्या मधून मला ह्यांचा पाय दिसला. उजवा पाय. जिथे काही नव्हतं, नुसता पायपुसण्याएवढा रबराचा तुकडा होता, तिथे ते ब्रेक दाबत होते. जीव खाऊन दाबत होते. टाच वर उचलली होती, गुडघा लटलट कापत होता, आणि हाताने पँटचं कापड असं मुठीत धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. आणि आवाज? आवाज दूध मागावं इतका साधा. "छान. अजून थोडं. छान."

गाडी ट्रकच्या दोन हात अलीकडे थांबली. सिस्टर किंचाळल्या, "थांबली! मास्तर, मी थांबवली!" ट्रक पुढे गेला. ह्यांनी त्यांना पुढे घ्यायला लावली, चौक ओलांडून कडेला उभी करायला लावली, हँडब्रेक ओढायला लावला. मग म्हणाले, "आजचा धडा झाला. उत्तम." आणि दार उघडून उतरायला गेले तर उतरता येईना. पोटरीत गोळा आला होता.

सिस्टर आणि मी, दोघींनी मिळून त्यांना फुटपाथच्या कडेला बसवलं. सिस्टरनी बूट काढून अंगठा कसा वर ओढून धरायचा ते मला दाखवलं आणि पाणी आणायला समोरच्या दुकानात गेल्या. मी ह्यांचा पाय मांडीवर घेऊन बसले. पोटरी लाकडासारखी झाली होती.

"अहो," मी म्हणाले, "भीती वाटते तुम्हाला?"

"वाटते की."

"रोज?"

"रोज. शेजारी नवा माणूस, हातात गाडी. वाटणारच."

"आणि इंजिन बसलं तेव्हा?"

"तेव्हा तर फार."

"मग बोलला का नाहीत? मी नाही नाही ते बोलले तुम्हाला. पडलेलं नाही म्हणाले."

"तू आधीच घाबरली होतीस. गाडीत एकाने घाबरून घेतलं की दुसऱ्याला घाबरता येत नाही."

"मग दर वेळी मीच का पहिली?"

ते विचार करायला लागले, खरोखरीच विचार करायला लागले, जणू मी रस्त्याच्या नियमातलंच काही विचारलं होतं. मला त्यांच्यावर असं प्रेम आलं त्या घडीला, काय सांगू. मी म्हणाले, "आज मी बसते शांत. तुम्ही घाबरा."

ते हसले. मग बुटाकडे बघत राहिले. मला वाटलं, नाही जमायचं ह्यांना. आणि मग त्यांनी सुरुवात केली.

म्हणाले, इंजिन उघडल्यावर अजून काही निघालं तर सत्तरही पुरायचे नाहीत. म्हणाले, चौघांत जो सगळ्यात कच्चा आहे तो नापास होईल असं वाटतंय. आपण ज्याला क्लच शिकवला त्याचं नाव छातीवर छापून ह्या वयात गाडीत कसं बसायचं? आणि नाही बसलो तर तुझं काय करायचं? सिस्टरची गाडी ठोकली तर काय तोंड दाखवायचं? बोलता बोलता आवाज बारीक झाला. मग म्हणाले, "त्या माणसाने मला तीनदा सांगितलं गं. सुई लाल रेघेवर, सुई लाल रेघेवर. मी ऐकलंच नाही. हे सगळं माझ्या हातून झालंय. डोळे मिटले की तेच दिसतं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, एक बूट पायात आणि एक बाजूला.

त्यांतलं काही पुढे खरं झालं, काही नाही. तो कच्चा गडी नापास झालाच. पण शिकवणी बंद पडली नाही म्हणून पैसे येत राहिले, सामानाचे सत्तर जमले, आणि महिना संपायला दोन दिवस असताना गाडी दारात आली. हे तीच घेऊन चौकात गेले आणि त्या मालकाला नाही म्हणून आले. पण त्या दुपारी ह्यातलं आम्हाला काही माहीत नव्हतं. माझ्या तोंडात चाळीस उत्तरं तयार होती. अहो असं कसं, अहो तुमची काय चूक, मी सांगत नव्हते का. सिस्टर पाण्याची बाटली घेऊन आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि तशाच परत दुकानाकडे वळल्या. मी पोटरी चोळत राहिले. ह्यांचं सगळं बोलून होईपर्यंत मी एकदाही मधे बोलले नाही.